पेटीच्या पोटातला अभ्रा

मी एक जुनी खताची पेटी आहे. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, मित्रांनो, म्हणजे मग निवांत बोलता येईल. सालं, देठं, पाचोळा, पेन्सिलींचा भुसा, तुम्हाला नको असलेलं काय काय मी पोटात घेते आणि त्याची काळीभोर माती करते. एवढं उष्टं खाऊनही माझ्या अंगाला कधी घाण वास आला नाही, कारण मला भरवणारी माणसं फार नेटकी होती. त्यातली बरीचशी उंचीने माझ्या झाकणाइतकीही नव्हती, ही गोष्ट वेगळी.

पेटी होण्याआधी मी दार होते. कुठल्याशा घराचं मागचं दार. ते घर पाडलं तेव्हा मला भिंतीला टेकवून ठेवलं आणि सगळे विसरून गेले. मग एका बालवाडीच्या ताईंची नजर माझ्यावर पडली आणि त्यांनी सुतारकाकांना बोलावलं. सुतारकाका मोठे तोंडाळ. "ताई, हे दार कसलं, हे तर जळण," असं म्हणाले, आणि मला कापताना मात्र प्रत्येक फळीवरून अंगठा फिरवून बघत होते. त्यांनी माझ्या चार बाजू केल्या, वर बिजागरीचं झाकण बसवलं, खाली माती काढायला एक सरकती फळी ठेवली. तळ काही ठेवला नाही, गांडुळांना ये-जा करता यावी म्हणून. एका फळीला कडीचं जुनं भोक होतं. ते बुजवायला निघाले तर ताई म्हणाल्या, "राहू द्या हो. मुलांना डोकावायला होईल."

मुलांनी त्या भोकाला 'पेटीचा कान' असं नाव ठेवलं. डोकावून आत नुसता काळोख दिसायचा, म्हणून मग सगळी तिथे तोंड लावून बोलायचीच. माझ्या कानात काय काय सांगितलंय पोरांनी! कुणाचा दात हलतो, कुणी चादर ओली केली, कुणाच्या घरी बाळ आलं आणि ते अजिबात आवडलं नाही. मी कधी कुणाचं कुणाला सांगितलं नाही.

बालवाडी म्हणजे एक मोठी खोली आणि तिच्यामागे हे अंगण. खोलीत विकतची खेळणी फारशी नव्हतीच. टोपल्यांत बिया, पिसं, गारगोट्या, शिंपले, झाडाच्या साली. सकाळी आल्या आल्या मुलं चपला काढून ओल्या गवतावरून एक फेरी मारत. मग गोल बसून डोळे मिटत आणि ज्याला जे ऐकू येईल ते तो सांगे. "पक्षी!" "गाडी!" "ताई, माझं पोट!" त्यानंतर कुणी पानं लहानापासून मोठ्यापर्यंत मांडत बसे, कुणी भिंग घेऊन गोगलगायीच्या मागे लागे, कुणी चिखलाचा स्वयंपाक मांडी आणि इतरांना आग्रह करकरून वाढी. दुपारी सगळी आपापल्या चटईवर झोपत. तेवढा वेळ अंगण कसं अगदी ओकंबोकं वाटे.

खाऊ झाला की माझं जेवण. बालवाडीतल्या मावशी झाकण धरून उभ्या राहत आणि मुलं रांगेत येत. "हा घास पेटीचा," असं म्हणून एकेक साल आत पडे. ताईंचे नियम सगळ्यांना पाठ होते. मोठं असेल ते बारीक करायचं. ओलं टाकलं की वर कोरड्या पानांचं पांघरूण घालायचं. फार कोरडं वाटलं तर पाणी शिंपडायचं. आणि शंका असेल तर आधी विचारायचं, "ताई, हे कुजतं का?" एकदा ताईंनी मुलांदेखत माझ्या पोटात एक सुती मोजा ठेवला आणि चॉकलेटचा एक कागद. पुष्कळ दिवसांनी काढून बघितलं तर मोजा गायब, कागद तस्साच चकचकीत. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एक मुलगा होता, सारखं काहीतरी विचारायचा म्हणून सगळे त्याला प्रश्नोबा म्हणत. त्याने विचारलं, "मावशी, पेटीला शी होते का?"

"होते की," मावशी म्हणाल्या. "तीच तर आपण वाफ्यात घालतो. चल, हात धू."

याच मुलांत एक होती खारूताई. तिच्या खिशांत सदा काहीतरी कोंबलेलं असायचं, बिया, काड्या, वाळलेली फुलं, म्हणून हे नाव. मला घास देण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. केळ्याची साल ती इतकी बारीक करायची की मला चावायला काही उरायचंच नाही. तिला न्यायला तिची आई यायची. बाई हसरी होती. फाटकातून आत आली की आधी माझ्या झाकणावर टिचकी मारायची आणि म्हणायची, "काय पेटीबाई, जेवलात का?" अहो, मला जेवणाचं विचारणारं तिच्याखेरीज कोण होतं? भरवणारे सगळे, विचारणारी एकटी ती. मी दिवसभर त्या टिचकीची वाट बघायचे, लपवून काय करू?

एकदा अंगणात एक चिमणी मरून पडलेली सापडली. मुलं भोवती जमली. ताईंनी ती माझ्या शेजारच्या वाफ्याच्या कडेला पुरली, वर माझ्यातली मूठभर माती घातली. काही दिवसांनी तिथे पिवळी फुलं आली. बी कुणी टाकलं होतं की वाऱ्याने आलं होतं, देव जाणे. ताई मुलांना तिथे घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "बघा, मातीत गेलेलं काही वाया जात नाही. आपली चिमणी परत आली की नाही?"

मुलं केवढी खूश झाली! ताईंच्या मनात वाईट काही नव्हतं. रडवेल्या तोंडांना हसवायचं म्हणून बोलल्या. पण खारूताई खाली बसून त्या फुलाकडे एकटक बघत राहिली होती. मी ते पाहिलं, पण तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही, कारण त्याच वेळी तिची आई फाटकातून आत येत होती.

मग आई यायची बंद झाली. खारूला न्यायला बाबा येऊ लागले. ते रंगारी होते, लोकांची घरं रंगवायचे. नखांच्या कडांना कायम कसला ना कसला रंग. आई आजारी आहे असं मावशी ताईंना हळू आवाजात सांगत होत्या. पुढे एक दिवस खारू आलीच नाही, मग बरेच दिवस आली नाही, आणि आली तेव्हा तिची वेणी वाकडी होती. तेवढ्यावरून मी काय ते ओळखलं. माझ्या पोटात तेव्हा नुसती पानं होती, मित्रांनो, पण ती दगडासारखी जड झाली.

तिला कुणी धड काही सांगितलंच नव्हतं. कानाशी येऊन तीच मला म्हणाली, "आत्या म्हणते आई लांब गेली. काकू म्हणते झोपली. बाबा काहीच म्हणत नाहीत." आता तुम्हीच सांगा, एवढ्याशा जिवाने कशावर विश्वास ठेवायचा? मोठ्यांच्या सगळ्या बोलण्यांतलं एकच बोलणं तिने डोळ्यांनी खरं झालेलं पाहिलं होतं. पिवळ्या फुलांचं.

दुपारच्या झोपेला ती आता घरून आईच्या उशीचा अभ्रा आणायची. सुती, पांढरा, धुवून धुवून मऊ झालेला, तोंडाला एक बटण असलेला. आई गेल्यावर बाबांनी तो धुतला नव्हता. त्यात आईच्या केसांचा वास होता. खारू तो नाकाशी धरून झोपायची आणि घरी गेल्यावर, मावशी सांगत होत्या, बाबा तो उशाशी घ्यायचे. एका अभ्र्यावर दोन माणसं दिवस काढत होती.

एका सकाळी मुलं डोळे मिटून आवाज ऐकत बसली होती, तेव्हा खारू गोलातून उठून माझ्याकडे आली. हातात मुलांची बोथट कात्री होती, बगलेत अभ्रा. ती माझ्या आडोशाला बसली आणि अभ्रा कापू लागली. कात्री चालेना. तिने दात लावले, ओढलं, परत कापलं, जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून. मोठं असेल ते बारीक करायचं ना! मी आतून ओरडत होते, अगं नको, अगं बाळा, हे नको! पण लाकडाच्या पेटीला आवाज कुठला? तिने शेजारी पडलेल्या ओंडक्यावर चढून झाकण ढकललं आणि ते मऊ तुकडे एकेक करून आत सोडले. वर कोरड्या पानांचं पांघरूण घातलं. झारीने पाणी शिंपडलं. मग कानाशी तोंड आणून म्हणाली, "पेटीबाई, आईला लवकर पाठव हं. बाबांना सांगायचं नाही, गंमत आहे."

कशी पाठवू गं मी? मी पेटी आहे. मला एकच काम येतं.

संध्याकाळी बाबांनी घर पालथं घातलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी ते कामावर न जाता बालवाडीत आले. आवाज कसाबसा सांभाळत म्हणाले, "ताई, एक पांढरा अभ्रा राहिलाय का इथे? जुनाच आहे. तसा काही किमती नाही." ताई आणि मावशींनी चटया झटकल्या, कपाटं धुंडाळली, कपड्यांची टोपली उपडी केली. माझ्या झाकणाला कुणाचा हातही लागला नाही. कशाला लागेल?

"खारू, तुला माहितीये का गं कुठे आहे?" बाबांनी गुडघ्यांवर बसून विचारलं.

"माहितीये."

"मग सांग ना, बाळा."

"नाही. थांबा ना बाबा, गंमत आहे." आणि ती हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसली. बाबा तिच्या त्या हसण्याकडे बघत राहिले. तिनेच कुठेतरी जपून ठेवलाय, देईल मनात येईल तेव्हा, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "बरं. थांबतो."

मित्रांनो, त्या वेळेपर्यंत तुकडे जेमतेम ओले झाले होते. कुणी झाकण उघडून वरची पानं बाजूला केली असती तर सगळे हाती लागले असते. धुऊन, जोडून काहीतरी राहिलं असतं. वास थोडातरी राहिला असता. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. मी झाकण घट्ट धरून बसले, मावशींना जोर लावायला लागावा, त्यांनी वैतागून आत नीट बघावं म्हणून. मावशींनी बिजागरीला तेल घातलं.

आणि माझं काम चालूच राहिलं. पोटात ऊब धरली. गांडुळं आली. मी त्यांना थांबवू शकत नव्हते. सुताचा एकेक धागा सुटत गेला, आणि त्या बाईच्या केसांचा वास आधी पानांच्या वासात मिसळला, मग सालांच्या, आणि एक दिवस मलाच तो शोधून सापडेना. मुलं म्हणत, आपली पेटी काय छान चाललीये! खारू रोज यायची, पाणी शिंपडायची, कानात विचारायची, "झालं का?" तिच्याएवढ्या मायेने मला कुणी सांभाळलं नसेल.

माती काढायचा दिवस आला. मुलांना तो दिवस फार आवडायचा, कारण मोठी चाळणी निघायची. खारू नवा फ्रॉक घालून आली होती. एका हाताने तिने बाबांचं बोट धरलं होतं, दुसऱ्या हातात कंगवा होता. बाबांच्या हातात रंगाचा डबा होता, पुढे कामावर जायचं होतं. "सकाळपासून मागे लागलीये," ते ताईंना म्हणाले, "बाबा, तुम्ही आलंच पाहिजे. आज माती निघणार म्हणे."

"आणि कंगवा कशाला गं?" मावशींनी विचारलं.

"आई वेणी घालेल ना," खारू म्हणाली.

ते ऐकून मावशींनी ताईंकडे बघितलं, पण तेवढ्यात मुलांनी सरकती फळी वर ओढली होती आणि माती बाहेर घसरली. काळी, भुसभुशीत, माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली माती. मुलं चाळणी हलवू लागली. खारू चाळणीच्या अगदी पुढ्यात उभी. माती खाली पडत गेली, ढीग वाढत गेला. वर राहिल्या काही काड्या, एक कागदाचा चकचकीत तुकडा आणि एक बटण.

"बाबा, बटण!" खारू ओरडली. "आता येईल बघा!"

बाबांनी बटण उचललं. त्याच्या भोकांत अजून निळा दोरा अडकला होता. आई आजारी असताना ते बटण तुटलं होतं, आणि घरात पांढरा दोरा न सापडल्याने बाबांनीच ते निळ्याने शिवलं होतं. पांढऱ्या अभ्र्याला निळा दोरा, त्यावरून ती त्यांना किती हसली होती, हे त्यांनी तिथेच सांगितलं, कुणी विचारलेलं नसताना. मग ते खाली मातीत बसले. रंगाचा डबा कलंडला.

ताईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "खारू, तू अभ्रा पेटीत टाकलास?"

"बारीक करून टाकला. पांघरूण पण घातलं, पाणी पण घातलं. सगळं नीट केलं मी." ती पुन्हा पुन्हा वाकून माझ्या पोटात बघत होती. "संपली माती? अजून आहे का आत? चिमणी आली होती ना, ताई?"

ताई तिच्यासमोर बसल्या. "चिमणी नव्हती आली, राजा. फुलं आली होती. मी चुकीचं सांगितलं."

"मग चिमणी कुठे आहे?"

"ती मेली, खारू. मेलेलं परत येत नाही."

खारूने बाबांकडे बघितलं. "आई पण?"

बाबांनी ते आजवर कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं. "आई पण," ते म्हणाले.

मला वाटलं आता ती मोठ्याने रडेल. नाही रडली. ती उठून माझ्याकडे आली आणि मुठींनी माझ्या फळ्या बडवू लागली. "मग माझा अभ्रा दे! पेटीबाई, माझा अभ्रा परत दे!" तेव्हा कुठे तिचं रडू फुटलं. बाबांनी ओंजळभर माती उचलून नाकाशी धरली, कितीतरी वेळ धरली, आणि मग हळूच खाली सोडली. चांगल्या मातीला मातीचाच वास येतो.

मी दार होते तेव्हा बरी होते, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. दाराला कुणाचं काही गिळावं लागत नाही.

त्यानंतर ताई मुलांना गोड करून काही सांगत नसत. मेलं तर मेलं म्हणत, आणि मग मुलांना जवळ घेऊन बसत. त्या मातीत भोपळे आले, मोठाले. येणारा-जाणारा माझं कौतुक करी. खारू त्या वाफ्याकडे फिरकली नाही. ते बटण बाबांनी तिच्या उशीच्या अभ्र्याला शिवून दिलं होतं, निळ्याच दोऱ्याने, आणि दुपारी ती त्यावर बोट ठेवून झोपे. मला मात्र तिने पुन्हा कधी घास दिला नाही. केळं खाल्लं की साल मुठीत धरून ठेवी. मावशी म्हणत, "टाक गं पेटीत, काळी पडली बघ ती." ती मान हलवे आणि साल खिशात घाली. तिचा खिसा घरी रोज बाबा रिकामा करत असतील.

मोठ्या शाळेत जायच्या आधी, शेवटच्या दिवशी, ती अंगणात एकटी आली. आता तिला ओंडका लागला नाही. झाकण उचलून तिने आत बघितलं. मी नुकतीच रिकामी झाले होते, आत उघडी जमीन होती. तिने झाकण हळू मिटलं, त्यावर टिचकी मारली आणि कानाशी तोंड आणलं.

"काय पेटीबाई, जेवलात का?"

तो आवाज मी ओळखला. मला उत्तर देता आलं असतं तर काय दिलं असतं, कोण जाणे. तिच्या दुसऱ्या हातात सफरचंदाचा गाभा होता. तो तिने खिशात ठेवला आणि ती फाटकातून निघून गेली.

आता माझ्या बिजागऱ्या गंजल्यात. एक फळी निखळलीये, तिथून मांजर ये-जा करतं. शेजारी हिरव्या प्लास्टिकचं नवं पिंप आलंय, मुलं त्याला भरवतात. त्याला कान नाही. माझ्याकडे आता कुणी बघत नाही, आणि बघावं असं मी म्हणतही नाही.

एवढंच सांगायचंय, मित्रांनो. तुमच्या घरात कुणाचा वास असलेलं काही असेल, एखादा सदरा, शाल, रुमाल, तर ते जपून ठेवा, कपाटात, उशाखाली, कुठेही. नको असलेलं सगळं खुशाल आमच्याकडे आणा. पण ते आणू नका. मला परत देता येत नाही.